तिसरी तार

गेल्या श्रावणातली गोष्ट. आमच्या शिरवळच्या घरावर डिश बसवायला एक मुलगा आला होता. आईने आता पंचाहत्तरी ओलांडली आहे. दिवसभर तिला सोबत हवी म्हणून टीव्ही हवा, पण केबलचे दरमहा पैसे भरायचे म्हटले की तिच्या पोटात गोळा येतो. म्हणून मी तिला दूरदर्शनची ती बिनभाड्याची डिश घेऊन दिली. एकदा पेटी विकत घेतली की पुढे महिन्याला काही द्यावे लागत नाही.

मुलगा पोरसवदा होता. त्याने डिश उलटसुलट करून पाहिली, माडीच्या गच्चीवर नजर टाकली आणि म्हणाला, "बसवायचे साडेतीनशे होतील, सर."

मी शाळामास्तर. सातवीच्या वर्गाला काळ-काम-वेगाची गणिते घालण्यात माझी निम्मी हयात गेली. माझी नजर आपोआप घड्याळाकडे गेली. काम दहा-पंधरा मिनिटांचे. पंधरा मिनिटांना साडेतीनशे, तर तासाला चौदाशे, तर आठ तासांना... "अहो, एवढ्याशा कामाचे साडेतीनशे?" हे वाक्य माझ्या जिभेवर येऊन बसले होते. तेवढ्यात त्या मुलाच्या डोक्यावरून माझी दृष्टी वर गेली आणि माडीच्या भिंतीला धरून उभ्या असलेल्या जुन्या लोखंडी नळावर थबकली. जिभेवरचे वाक्य मी गिळून टाकले.

त्या नळाची हकिगत सांगायची आहे.

१९७२ च्या ऑक्टोबरात मुंबईला दूरदर्शन आले आणि पुढल्या वर्षी सिंहगडावरून पुण्याच्या मुलखात चित्रे दिसू लागली. आमचे गाव नीरेच्या काठी, सिंहगडाच्या आग्नेयेला. मधे डोंगर. त्यामुळे पुण्यात खिडकीत अँटेना टांगून भागत असे, तसे आमच्याकडे भागत नसे. उंच नळ लागे, आणि त्याच्या टोकाला ॲल्युमिनियमच्या काड्यांचा तो सांगाडा. १९८७ च्या सुमारास गावाबाहेरच्या टेकाडावर उभे राहिले म्हणजे मोठी मौज दिसे. कुणाचे घर पूर्वेला तोंड करून, कुणाचे दक्षिणेला, कुणाचे शेजाऱ्याशी भांडून पाठमोरे. पण घरांवरच्या अँटेना मात्र एकूण एक वायव्येला, सिंहगडाकडे पाहत. गावाचे एका गोष्टीवर एकमत झालेले मी तेवढेच पाहिले.

आमच्या वडिलांना घरात आणि गावात सगळे अण्णा म्हणत. ते पोस्टात कारकून होते. पूर्वी रेडिओ आणि टीव्ही बाळगायला परवाना लागे आणि तो पोस्टातून मिळे. १९८५ साली ती भानगड मिटली. तोवर गावात कुणाकडे टीव्ही आला हे अण्णांना सगळ्यांच्या आधी ठाऊक असे. दुसऱ्यांचे परवाने लिहिता लिहिता त्यांचा हात दुखला, पण आमच्या घरी टीव्ही येण्यास १९८७ चा मे महिना उजाडावा लागला. सोसायटीचे कर्ज काढून अण्णांनी पुण्याहून एक छोटा काळा-पांढरा टीव्ही आणला. त्या वर्षीच्या जानेवारीत रामायण सुरू झाले होते. दर रविवारी सकाळी आजी शेजाऱ्यांच्या ओसरीवर जाऊन बसे आणि परत आल्यावर म्हणे, "राम बघायला परक्याच्या दारात जावं लागतंय." या एका वाक्याने ते कर्ज काढवले, असे आई अजून म्हणते.

टीव्हीबरोबर अँटेना, नळ आणि चपटी वायर अण्णांनीच आणली होती. उरले होते बसवणे. स्टँडाजवळ एका मिस्त्रीची रेडिओदुरुस्तीची टपरी होती. गावातल्या निम्म्या अँटेना त्यानेच बसवलेल्या. शनिवारी दुपारी तो आला. अंगाने किडकिडीत, कानावर पेन्सिल, खांद्याला तारेचे भेंडोळे. त्याने घराभोवती एक फेरी मारली, माडी पाहिली, पत्रे पाहिले, डोंगराकडे पाहिले आणि म्हणाला, "साठ रुपये होतील, अण्णा. क्लिपा, खिळे, ताणाची तार माझी."

"साठ?" अण्णा म्हणाले. "अरे, अर्ध्या तासाचं काम!"

आता इथे अण्णांच्या स्वभावाविषयी थोडे सांगायला हवे. हा मनुष्य जन्मभर छापील किमतीला पोस्टाची तिकिटे विकत आला. आंतरदेशीय पत्राचे चार पैसे कमी करा, असे त्यांना कुणी कधी म्हटले नाही आणि म्हणण्याची सोयही नव्हती. पण खिडकीच्या त्या बाजूला बसून साठलेली सारी घासाघीस ते संध्याकाळी बाजारात मोकळी करीत. कोथिंबिरीची जुडी असो की चपलेचा अंगठा असो, सांगितलेल्या किमतीला घेणे त्यांना आपला अपमान वाटे. डॉक्टरांशी मात्र ते कधी घासाघीस करीत नसत. कापडाच्या दुकानात गादीवर बसलेल्या शेटजींशीही बेतानेच. उभ्याने काम करणाऱ्या माणसाशी मात्र त्यांची जीभ सैल सुटे. हा दोष एकट्या अण्णांचा नव्हे. तुम्ही आम्ही सगळेच त्यातले. माणूस बसून पैसे मागत असेल तर आपण खिशात हात घालतो आणि उभ्याने मागत असेल तर भुवई वर चढवतो.

शेवटी चाळीसवर सौदा तुटला. तुटला म्हणजे अण्णांनी तोडला. मिस्त्री काही बोलला नाही. "बरं, तुमची मर्जी," एवढे म्हणून त्याने शिडी लावली.

पुढचा तासभर आमच्या घरात जो सोहळा झाला तो माझ्या वयाच्या वाचकांना सांगायला नकोच. मिस्त्री पत्र्यावर, मी खिडकीत, आई टीव्हीसमोर. मिस्त्री नळ किंचित फिरवी आणि ओरडे, "आलं का?" मी आत ओरडे, "आई, आलं का?" आई म्हणे, "मुंग्याच आहेत!" मी बाहेर ओरडे, "मुंग्या!" नळ पुन्हा फिरे. "आता?" "आलं, आलं! गेलं!" मधेच चित्र आले, पण निवेदिकेला दोन नाके होती. मिस्त्री वरून म्हणाला, "डोंगरावरून आपटून येतंय. एक सरळ येतंय, एक मागनं उशिरा." तो पुन्हा फिरवू लागला. मला तेव्हा ते जादूटोण्यासारखे वाटले. पुढे वाचनात आले की त्यात जादू नसून शास्त्र होते. या काड्यांची युक्ती जपानातल्या दोघा प्राध्यापकांनी, यागी आणि उदा यांनी, १९२६ साली काढली. वायर जोडलेली काडी लहरीच्या सुमारे निम्म्या लांबीची, तिच्या मागची थोडी लांब, पुढच्या थोड्या आखूड. त्यामुळे तो सांगाडा एकाच दिशेचे नीट ऐकतो आणि इतर बाजूंकडे कानाडोळा करतो. यातले बरेचसे काम उदांचे, पण ते इंग्रजीत यागींनी मांडले आणि पुष्कळ ठिकाणी नाव उरले ते एकट्या यागींचे. पत्र्यावर चढणाऱ्याचे नाव मागे पडते, ते असे अगदी वरपासून.

अखेर निवेदिकेला एकच नाक आले. आजीने टीव्हीला हळदकुंकू लावले. मिस्त्री खाली उतरला. त्याच्या कोपराला पत्र्याची धार लागून रक्त आले होते, ते त्याने बाहीला पुसले, चाळीस रुपये घेतले आणि तो निघून गेला. दुसऱ्या दिवशी रविवारी आमच्या ओसरीवर अर्धी आळी बसली होती आणि आजी सगळ्यांच्या मधे अशी बसली होती, की जणू अयोध्येचे राज्य तिच्याच घरात चालले होते.

पुढे तीन आठवड्यांनी, मृग लागण्याच्या आधी, एका दुपारी वळीव आला. आजीने अंगणात बाजेवर कुरडया वाळत घातल्या होत्या. वावटळ उठली तशी ती लगबगीने अंगणात गेली. मी दारात उभा होतो. वर काही तरी कण्हल्यासारखे करकरले, आणि तो नळ अँटेनासकट अंगणात आला. बाजेची एक गात मोडली. कुरडयांचा भुगा झाला. आजी बाजेपासून हातभर अंतरावर उभी होती. तिच्या हातातले सूप तसेच हातात होते.

अण्णा पोस्टातून आले ते ऐकून थरथर कापू लागले. तसेच उलट्या पावली स्टँडावर गेले आणि मिस्त्रीला घेऊनच आले. वाटेत ते त्याला काय काय बोलले असतील ते त्याच्या चेहऱ्यावर दिसत होते. मिस्त्री मोडलेल्या बाजेकडे पाहत राहिला. मग वर माडीकडे पाहिले. मग म्हणाला, "अण्णा, नळाला ताण तीन लागतात. मी दोनच दिले होते."

"म्हणजे?"

"तिसरी तार बांधली नाही. तुम्ही वीस रुपये कापले, त्याचा राग आला. म्हटलं, चाळिसात दोनच." तो जरा थांबला. "तेवढंच माझं चुकलं. पैसे पटले नाहीत तर मी शिडी उचलून जायला हवं होतं. काम घेऊन कमी करायला नको होतं."

अण्णा काही बोलणार तोच आजी मधे पडली. ती तोवर बाजेच्या उरलेल्या कडेवर बसून होती. ती म्हणाली, "त्या तिसऱ्या तारेचे किती रे पैसे?"

"चार रुपये, आजी."

"म्हणजे याच्या हट्टात आणि तुझ्या रागात माझं डोकं चार रुपयांना चाललं होतं म्हणायचं!"

कुणी हसले नाही. मग आजीनेच आईला चहा टाकायला सांगितले आणि अण्णांना म्हणाली, "आता त्याच्यापाशी बसून साठ रुपयांत काय काय येतं ते लिहून घे. त्या दिवशीच विचारायचं होतंस."

अण्णांनी खिशातून एक वाया गेलेला मनिऑर्डरचा फॉर्म काढला आणि त्याच्या पाठीवर लिहिले. तो कागद त्यांच्या माघारी मला त्यांच्या ट्रंकेत सापडला. पोस्टातले ते गोल अक्षर. 'क्लिपा व खिळे ९. ताणाची तार, तीन पदर, १२. मजुरी २७.' आणि त्याखाली, 'वर चढण्याचे १२.' एकूण साठ. शेवटच्या ओळीशी अण्णा अडखळले होते, ते मला आठवते. "वर चढण्याचे म्हणजे काय? मजुरीत नाही का ते आलं?" मिस्त्री म्हणाला, "मजुरी हाताची, अण्णा. हे पत्र्यावर पाय घसरला तर त्याचं." अण्णा बराच वेळ त्या ओळीकडे पाहत राहिले आणि मग त्यांनी एकूण करून खाली सही केली, जणू सरकारी पावतीच होती.

मी आता रोज गणित शिकवतो, म्हणून त्या कागदाचा हिशेब मला पुन्हा पुन्हा करावासा वाटतो. अण्णांनी कापले वीस. मिस्त्रीने रागाने कापले चार. म्हणजे उरलेले सोळा रुपये त्या माणसाने मुकाट्याने स्वतःच्या पदरचे सोसले होते. आम्हाला दिसली ती फक्त चार रुपयांची लबाडी. सोळा रुपयांचा तोटा कुणाला दिसला नाही. कारण तोटा अंगणात कोसळत नाही.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीने वाकलेल्या काड्या सरळ केल्या आणि नळ पुन्हा उभारला. तीन ताण दिले, तिन्ही दिशांना सारख्या अंतरावर. मला खाली उभे करून त्याने समजावले, "दोन तारा दोन बाजूंचा वारा धरतात. तिसऱ्या बाजूचा वारा आला तर धरायला कुणी नको का?" अण्णांनी राहिलेले वीस रुपये पुढे केले, ते त्याने घेतले. पुन्हा उभारण्याची मजुरी दिली, ती घेतली नाही. "ते माझ्या चुकीचं," म्हणाला. अण्णांनी बाज स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करून आणली. ज्याने त्याने आपापल्या चुकीची किंमत भरली. यापेक्षा चोख हिशेब मी पुढे पाहिला नाही.

अण्णा सुधारले काय? भाजीबाजारात मुळीच नाही. कोथिंबिरीशी त्यांचे वैर अखेरपर्यंत टिकले. पण घरी कुणी सुतार, गवंडी, नळवाला आला की त्यांचा प्रश्न बदलला. पूर्वी ते विचारीत, "कमी किती करशील?" आता विचारू लागले, "यात काय काय आलं?" कारागीर आधी गोंधळत, मग खुलून सांगू लागत. आणि गंमत अशी, की असे विचारल्यावर पुष्कळ वेळा आकडा आपोआप खाली येई. क्वचित वरही जाई, आणि अण्णा तो देत.

मला वाटते, खरी अडचण अशी आहे की नव्या धंद्यांना जुना रिवाज नसतो. त्र्यंबक नारायण आत्र्यांचे 'गावगाडा' १९१५ साली निघाले. त्यात बलुत्याची रीत सविस्तर सांगितली आहे. सुताराने नांगर दुरुस्त करायचा, लोहाराने फाळ शेवटायचा आणि सुगीला खळ्यावर आपला वाटा घ्यायचा. त्या रीतीत जातीची बेडी होती, खालच्या पायरीवर ठेवलेल्यांच्या वाट्याला अन्यायच आला, आणि ती गेली हे उत्तम झाले. पण कामाचे मोल किती, हे ठरवायला निदान काही तरी ठरीव माप होते. अँटेना बसवणाऱ्याला बलुते नव्हते, पोस्टासारखा छापील दर नव्हता आणि डॉक्टरांसारखी खुर्चीही नव्हती. त्याचा दर ठरायचा तो आपल्या गरजेवर आणि त्याच्या भिडेवर. ज्याला भीड जास्त, तो नागवला जायचा. कधी तो, कधी आपण. कारण अडलेल्या गिऱ्हाइकाकडून दुप्पट उकळणारेही आहेतच. रामायणाच्या दिवशी सकाळी वायर तुटली की काय भाव लागे, ते त्या काळच्या लोकांना विचारा. म्हणून योग्य दाम म्हणजे कमी दाम नव्हे आणि मागेल तो दामही नव्हे. ज्याची फोड करून सांगताना सांगणाऱ्याची मान खाली जात नाही आणि ऐकणाऱ्याची भुवई वर जात नाही, तो योग्य दाम, असे मी माझ्यापुरते ठरवले आहे.

आम्हा लिहिणाऱ्यांना तर हे लवकर कळायला हवे. माझ्या कादंबरीचे मानधन ऐकून एक स्नेही म्हणाले होते, "बसल्या जागी लिहायचं, त्याला एवढे?" मला तेव्हा त्या मिस्त्रीची आठवण झाली. लिहिताना कुठल्या पत्र्यावर चढावे लागते, ते त्यांना कसे सांगणार? बरे, आम्ही बसून काम करतो तरी आमच्याशी घासाघीस होते, तेव्हा माझा वरचा सिद्धान्त तितकासा पक्का नसावा.

तर त्या डिशवाल्या मुलाला मी विचारले, "साडेतीनशे ठीक आहेत. त्यात काय काय येतं, सांगशील?"

तो संशयाने माझ्याकडे पाहू लागला. मग म्हणाला, "चार बोल्ट, सर. वायर कमी पडली तर तीही. आणि माझं पेट्रोल. मी बारा किलोमीटरवरून येतो."

"आणि वर चढण्याचे?"

तो हसला. "ते कोण देतं, सर?"

त्याच्या उत्तरावर मला हसू आले नाही. मी गच्चीवर त्याच्याबरोबर गेलो. आता सिंहगडाकडे कुणी पाहत नाही. जमिनीवरची ती जुनी प्रक्षेपणे २०२२ सालापर्यंत देशात जवळजवळ सगळीकडे बंद झाली. आता सारे गाव आग्नेयेला मान वर करून बसले आहे. छत्तीस हजार किलोमीटरांवरच्या उपग्रहाला त्या मुलाने पान्याच्या दोन वळशांत गाठले. खालून आई ओरडली, "आलं रे, आलं!" मधे मुंग्या नाहीत, दोन नाके नाहीत. मला उगीच चुकल्याचुकल्यासारखे झाले.

बोल्ट मी मोजले. चार होते. मी त्याला चारशे दिले. त्याने पन्नास परत करण्यासाठी खिशात हात घातला, तेव्हा मी म्हटले, "राहू दे. ते वर चढण्याचे." त्याने एकदा माझ्याकडे आणि एकदा गच्चीच्या कठड्याकडे पाहिले आणि नोट खिशात ठेवली.

जाताना त्याने विचारले, "सर, तो जुना नळ काढून देऊ? भंगारात जाईल."

मी नको म्हटले. मिस्त्री आता नाही, आजी नाही, अण्णाही नाहीत. वरचा काड्यांचा सांगाडा केव्हाच गळून पडला. पण नळ उभा आहे. गेली कित्येक वर्षे दिवाळीत आमचा आकाशकंदील त्यालाच चढतो. परवाही आईने खाली उभे राहून विचारले, "नीट बांधलास ना रे? वारं फार आहे."

मी तिन्ही तारा हाताने ओढून पाहिल्या. तिन्ही ताठ होत्या.